पट्टा ऐकणारे साडू

बीड जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्या आमच्या थोरल्या साडूंच्या कानावर चालतात, असं माझं मत आहे. आणि उरलेल्या निम्म्या कशाच्या भरवशावर चालतात हे मला अजून कळलेलं नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणतो. वडवणीत त्यांची पिठाची गिरणी आहे. गॅरेज नाही, पाटी नाही, मेकॅनिकचं काम ते कोणाच्या हाताखाली शिकलेले नाहीत. इंजिनाबद्दल त्यांना विशेष माया नाही, आणि क्लच-ब्रेकवर कोणी बोलू लागलं तर त्यांना जांभई येते. त्यांचा सगळा जीव एका वस्तूत आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका अंगाला चार-पाच पुल्यांना वळसे घालत जाणारा जो काळा रबरी पट्टा दिसतो, त्यात. बाकीचं जग त्याला फॅन बेल्ट म्हणतं. अप्पा नुसतं 'पट्टा' म्हणतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतात. "दिवा त्याच्यावर, पाणी त्याच्यावर, थंड हवा त्याच्यावर, स्टेअरिंग त्याच्यावर," एकेक बोट मिटत ते सांगतात, "अन् त्याच्याकडं बघतंय कोण? तुटल्यावर समदे बघतेत."

हे वेड गिरणीतून आलं. गिरणीत मोटरीपासून जात्यापर्यंत एक रुंद पट्टा फिरतो आणि त्या पट्ट्याच्या शेजारी अप्पांनी चाळीस वर्षं काढली. डोळे मिटून बसलेले असले तरी वरून ज्वारी पडतेय की बाजरी हे ते आवाजावरून ओळखतात. एकदा एका बाईंचा डबा जेमतेम ओतला होता तोच त्यांनी मोटर बंद केली आणि म्हणाले, "बाई, ह्याला अजून एक ऊन दाखवा." त्या बाईंनी ज्वारी सकाळीच धुतली होती आणि तसं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या अप्पांकडे जरा भीतीनेच बघतात. गिरणीवाली माणसं ओरडून बोलतात असा माझा अनुभव आहे. अप्पा मात्र इतकं हळू बोलतात की समोरच्याला त्यांच्या ओठांकडे बघावं लागतं. पट्टा चालू असताना त्याच्या वर आवाज काढणं त्यांना उद्धटपणाचं वाटत असावं.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचे नियम घरातल्या देवापेक्षा कडक आहेत. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की दहा सेकंद कोणी बोलायचं नाही. रात्रभर गार पडलेला पट्टा पहिल्या फेऱ्यात जे सांगतो ते दिवसभरात पुन्हा सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ते दिवे लावतात, एसी लावतात, स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवतात. इतका भार पडूनही पट्टा गप्प राहिला तरच गाडी फाटकाबाहेर निघते. आक्काची, म्हणजे माझ्या मेहुणीची, एकदा दाढ सुजली होती. गाल भोपळ्याएवढा झाला होता आणि अप्पा तिला घेऊन बीडला निघाले होते. तेव्हाही दहा सेकंद झाले, दिवे झाले, एसी झाला, स्टेअरिंग झालं. "मला तसं बी बोलता येत नव्हतं," आक्का सांगते, "पण ह्यांनी माझ्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं."

आणि पट्टा बदलायचा असला तर बघतच राहावं. आधी गाडीची किल्ली काढून ती अप्पांच्या शर्टाच्या खिशात जाते. हात पुल्यांमध्ये असताना किल्ली दुसऱ्या कोणाजवळ राहू शकत नाही, मग तो गाडीचा मालक का असेना. मग हात साबणाने दोनदा धुवायचे, कारण तेलाचा एक थेंब पट्ट्याला लागला तर तो फुगतो. मग जुना पट्टा कोणत्या पुलीच्या वरून आणि कोणत्या पुलीच्या खालून गेलाय त्याचं चित्र कागदावर काढायचं. हे चित्र त्यांनी दोनशे वेळा तरी काढलं असेल. तरी दर वेळी नवीन काढतात. ताणणारी पुली पान्याने मागे ओढून पट्टा उतरवला की उघड्या पडलेल्या प्रत्येक पुलीला ते हाताने एक गिरकी देतात आणि कान जवळ नेतात. नवीन पट्टा चढवल्यावर त्याची प्रत्येक खाच पुलीत बसली का हे बोटाने चाचपतात. सगळ्यात लांब जिथे तो ताणलेला असतो तिथे अंगठ्याने दाबून बघतात. तो अंगठा किती दबला यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान किंवा दुःख उमटतं तसं मी कोणाच्या लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही. एकदा एका जीपवाल्याने पट्टा ओरडतो म्हणून त्यावर अंघोळीचा साबण घासला होता. अप्पांनी त्याला काही बोल लावला नाही. ते फक्त त्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "तुझं पोट दुखलं म्हणून तुझ्या तोंडात बोळा घातला तर चालंल का?"

उतरवलेला पट्टा फेकायचा नाही, हा आणखी एक नियम. गिरणीच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. तिथे एकेक पट्टा लटकतो आणि प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर गाडी कोणाची, किती किलोमीटर चालला, आणि खाली उतरवण्याचं कारण. 'कारण: ऊन.' 'कारण: उंदीर.' 'कारण: धारूरचा घाट, ओझं जास्त.' आमच्याकडे लोक जुन्या पट्ट्याने फाटक बांधतात, बादली बांधतात. शेजारच्या एकाने शेळी बांधायला एक पट्टा मागितला, तर अप्पा उठून दुकानात गेले आणि त्याला नवीन दोरी आणून दिली. "एवढा फिरलाय तो," म्हणाले, "आता त्याला शेळीमागं कशाला पळवता?"

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी वरात थांबवली. पाठवणीची वेळ होती. बँड वाजत होता, माझा भाऊ रडत होता, पुतणी रडत होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली नवरदेवाची गाडी चालू झाली आणि अप्पांचा हात वर गेला. बँडवाल्यांनी तो हात बघून वाजवणं बंद केलं. त्यांना वाटलं, कोणी गेलं. अप्पा गाडीजवळ जाऊन मान वाकडी करून उभे. नवरदेवाचे मामा चिडून म्हणाले की आम्हाला दिवस मावळायच्या आत परळीला पोचायचंय. "पोचायचंय म्हणूनच," अप्पा म्हणाले. माळा बाजूला करून बॉनेट उघडलं, तर पट्ट्याची एक कड सुटून दोऱ्यासारखी लोंबत होती. नशिबाने गाडी अप्पांच्या गाडीच्याच जातीची होती. त्यांच्या डिकीत जादा पट्टा होता. अर्धा तास लागला. फेटा बांधलेला नवरदेव मोबाईलचा उजेड इंजिनात धरून उभा राहिला. पुतणीचं रडणं मधेच थांबल्यामुळे तिला भूक लागली आणि तिने गाडीत बसूनच मसालेभात खाल्ला. शेवटी पुन्हा रडायची वेळ आली तेव्हा कोणालाच नीट रडता येईना. निघताना मामा अप्पांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, तेवढी माझी पण गाडी ऐकता का.

अशी माणसं दर बाजारच्या दिवशी गिरणीपुढे यायची. ज्वारीचे डबे एका बाजूला, गाड्या एका बाजूला. लांबची माणसं इंजिनाचा आवाज फोनवर धाडायची, पण तो अप्पा ऐकत नसत. फोनमध्ये आवाज येतो, त्याच्यातला जीव येत नाही, असं त्यांचं मत. कपिलधारच्या यात्रेलासुद्धा त्यांना देवळापर्यंत पोचायला दुपार व्हायची, कारण वाटेत गाड्यांचं मैदान लागायचं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे, आणि तिथे येईपर्यंत मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला हेही मला माहीत आहे.

मी धारूरला शिक्षक आहे. घाट उतरून, तेलगाववरून वडवणीला रविवारी आमचं येणं-जाणं असतं. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात असाच गेलो होतो. फाटकातून गाडी आत घेतली आणि अप्पा बाहेर आले, हात वर. "सर, पंधरा दिवस," म्हणाले. "त्याच्यापुढं ह्या पट्ट्यावर घाट उतरू नका." लगेच आत गेले. सगळ्या नातेवाइकांच्या गाड्यांचे पट्टे त्यांच्या कपाटात धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात, माझाही होता. अर्धा तास बसा, आत्ताच टाकतो, असं ते म्हणत होते. मला तपासलेले पेपर जमा करायची घाई होती. मी म्हणालो, धारूरला टाकून घेतो. पट्टा डिकीत ठेवला आणि विसरलो. याला आळसाशिवाय दुसरं कारण नाही. मी बरंच शोधून पाहिलं.

महिन्याने पुन्हा गेलो. अप्पा बाहेर आले, हात वर, मान वाकडी केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पट्टा टाकला ना, सर?"

त्यांचा स्वभाव मला माहीत होता. ते रागावले नसते. फार तर किल्ली मागितली असती आणि अर्ध्या तासात काम झालं असतं. पण दारात आक्का उभी होती, बायको उभी होती, आणि पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे गृहपाठ तपासलेल्या माणसाला 'मी केलं नाही' असं म्हणता येईना. मी म्हणालो, "टाकला की. त्याच आठवड्यात."

अप्पांनी मला दिवे लावायला सांगितले. एसी लावायला सांगितला. स्टेअरिंग वळवायला सांगितलं. पट्टा चीं करून ओरडला. मी काही कानाचा माणूस नाही, पण मलासुद्धा तो स्पष्ट ऐकू आला. अप्पा माझ्या खिडकीशी आले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "सर, तुमाला यायलाय का आवाज?"

"नाही," मी म्हणालो.

वर गेलेला हात खाली आला. "मंग मलाच यायलाय," असं म्हणून ते आत गेले. नातेवाईक खोटं बोलत असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. स्वतःचा कान खोटा असेल ही शिवली.

दुसऱ्याच दिवशी मी धारूरला पट्टा बदलून घेतला. मेकॅनिकने जुना उलटा वाकवून दाखवला. खाचाखाचांत भेगा होत्या. तो म्हणाला, सर, तुमचं दैव. पट्टा घाटात तुटला नाही, मला काही झालं नाही, कोणाला काही कळलं नाही. तो जुना पट्टा मला फेकवेना. शाळेच्या कपाटात नकाशांच्या मागे मी तो लपवला आणि भूगोलाच्या शिक्षकांना नकाशा लागला की मीच पुढे होऊन काढून देऊ लागलो.

तिकडे वडवणीत आक्का फोनवर माझ्या बायकोला सांगायची की ह्यांना काय झालंय कळत नाही. बाजारच्या दिवशी गाड्या आल्या तर अप्पा म्हणायचे, दुसऱ्याला दाखवा, माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही. सकाळची दहा सेकंदांची शांतता बंद झाली. गिरणीत ते पिठाचा आवाज ऐकेनासे झाले, चिमटीत पीठ घेऊन बघू लागले. मग बीडला जाऊन कान तपासून आले. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून दिल्या: बाकी सगळं ठीक, बारीक, किंचाळणारे आवाज तेवढे कमी ऐकू येऊ लागलेत, गिरणीमुळे होतं असं. कानाचं मशीन आलं. गिरणीत ते लावलं की इतका कल्लोळ होई की अप्पा ते काढून सुपारीच्या डब्यात ठेवत. हे सगळं मी बायकोकडून ऐकायचो आणि जेवताना मान खाली घालून जेवायचो. सहा महिने मी गप्प बसलो. एका माणसाचा कान मी काढून घेतला होता, तोसुद्धा एका शब्दाने.

थंडीतल्या एका रविवारी एकटाच गेलो. वीज नव्हती, गिरणी बंद होती, अप्पा पोत्यावर बसले होते. मी तो पट्टा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पेपर, डिकी, आक्का दारात, नकाशे, सगळं. बोलताना माझा आवाज मलाच मोठा वाटत होता.

अप्पांनी पट्टा उलटा वाकवला. भेगांवरून नख फिरवलं, वास घेतला. मग म्हणाले, "म्हंजे आवाज होता."

"होता, अप्पा."

"तुमाला बी आलता?"

"आलता."

त्यांनी मान हलवली. खोटं का बोललात, हे त्यांनी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. पेन्सिल काढली, कॅलेंडरचा कागद फाडला आणि विचारलं, उतरवला तेव्हा गाडी किती फिरली होती. मी ते लिहून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा मात्र अप्पा संतापले. त्यांना संतापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शिकलेला माणूस, हातात चोवीस तास पेन, आणि किलोमीटर लिहून ठेवत नाही, असं ते पाच मिनिटं बोलत होते. मग शांत झाले आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'कारण: आवाज होता.' पट्टा खिळ्यावर गेला. पुढच्या बाजाराला गिरणीपुढे गाड्या उभ्या राहिल्या आणि सुपारीच्या डब्यातलं मशीन डब्यातच राहिलं. डॉक्टरांचा तो रेघांचा कागदही त्यांनी खोटा ठरवून टाकला. मला इतकं हलकं वाटलं की तो कागद खरा असू शकतो, हे माझ्या मनातही आलं नाही.

ते मनात आलं गेल्या महिन्यात. सकाळी घाट उतरलो आणि तेलगावपासून गाडी ओरडू लागली. आता मला तो आवाज कळतो. त्या दिवसानंतर मी गाडीत दुसरं काही ऐकलेलंच नाही. फाटकातून आत आलो. अप्पा बाहेर आले, हात वर, मान वाकडी. दिवे झाले, एसी झाला, स्टेअरिंग वळवलं. पट्टा असा किंचाळला की ओट्यावरची मांजर उठून गेली. अप्पांचा चेहरा उजळला. "गप्प हाय," म्हणाले. "लई निवांत चाललाय."

आक्का चहा घेऊन दारात आली होती. तीच जागा, तीच खिडकी, तीच माणसं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. आणि खरं बोललो तर मागे जे खोट्याने काढून घेतलं होतं ते आता खऱ्याने काढून घेणार होतो, तेही कायमचं.

"अप्पा," मी म्हणालो, "आवाज येतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात अजून वरच होता. "सर, खरं सांगा."

"खरं सांगतोय. दिवे लावले की वाढतोय."

हात हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता ते आत जातील. ते तिथेच उभे राहिले, इंजिनाकडे बघत. मग तांब्याभर पाणी मागितलं आणि फिरत्या पट्ट्यावर लांबूनच थोडं शिंपडलं. "आता सांगा. कमी झाला का वाढला?"

"वाढला."

"मंग ताण गेलाय. पट्टा घसरायलाय पुलीवर. द्या किल्ली."

किल्ली खिशात गेली, हात दोनदा धुतले गेले, कागदावर दोनशे एकावं चित्र निघालं. पट्टा उतरला, आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. पुल्यांना गिरकी देताना अप्पा सवयीने कान जवळ नेऊ लागले, थांबले, आणि बाजूला सरकून मला म्हणाले, तुम्ही ऐका. मी वाकून ऐकलं. खरखर नव्हती, तसं सांगितलं. माझ्या एवढ्याशा सांगण्यावर त्यांनी पुलीचा बोल्ट आवळला, नवीन पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण दिला. जो आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता तो दुसऱ्याच्या कानाने ऐकून त्यांनी बरोबर जागेवर नेऊन बंद केला. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मशीन लावून बघा, असं आक्का म्हणाली, तर म्हणाले, "ते बी फोनसारखंच हाय."

जुना पट्टा त्यांनी पुसला आणि चिठ्ठी लिहिली. मी न विचारता किलोमीटर सांगितले. मी ते लिहून ठेवले होते. पहिल्या पट्ट्याशेजारच्या खिळ्यावर तो लटकवला. 'कारण: आवाज होता,' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली, 'सरांनी ऐकला.'

बाजारचा दिवस आणि सुट्टी जुळून आली की आता मी लवकर घाट उतरतो. गाड्या लागलेल्या असतात. पहिली गाडी चालू होते, अप्पांचा हात वर जातो, मान वाकडी होते, आणि दहा सेकंद गिरणीपुढे कोणी बोलत नाही. पूर्वी त्या दहा सेकंदांत ते बॉनेटकडे बघायचे. आता माझ्या तोंडाकडे बघतात. मला जेवढं ऐकू येतं तेवढंच मी सांगतो.